जाड चष्म्याचा हिशेब

ज्यांना एकदोन नंबराचा चष्मा लागतो, त्यांच्या दृष्टीने त्याची निवड ही बहुतांशी आवडीनिवडीची बाब असते. फ्रेम चेहऱ्यास शोभली की झाले. नंबर उणे ६ च्या पलीकडे गेला की मात्र प्रकरण निराळे होते. उणे ८ नंबराच्या डोळ्यास चष्म्यावाचून सुमारे १२.५ सेंटिमीटरांपर्यंतचेच स्पष्ट दिसते. अर्ध्या वितीपलीकडचे सारे जग त्याच्या लेखी धुक्यात असते. अशा माणसाचा चष्मा म्हणजे त्याचा एक अवयवच. हा अवयव आता मोबाइलच्या पडद्यावरून घरबसल्या मागवता येतो. तो पुष्कळदा स्वस्त पडतो, आणि लहान गावच्या दुकानात न मिळणारी भिंगेही घरपोच येतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु जाणता चष्मेवाला आपल्यासाठी जे हिशेब करी, ते या खरेदीत आपले आपणांसच करावे लागतात.

ऱ्हस्वदृष्टीचा डोळा बहुधा मागेपुढे लांबलेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. ती मागे सरकवण्यासाठी अंतर्वक्र भिंग द्यावे लागते, आणि असे भिंग मध्यावर पातळ व कडेस जाड असते. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाची उपमा मिळते ती या कडेमुळेच. विक्रेत्यांच्या यादीत १.५, १.६, १.६७, १.७४ असे आकडे दिसतात. हे त्या त्या पदार्थाचे वक्रीभवनांक होत. अंक जितका मोठा, तितका तो पदार्थ प्रकाशकिरणांना अधिक वाकवतो आणि तेच काम पातळ भिंगाकडून होते. यावरून गिऱ्हाईक सहज असे समजते, की सर्वांत महाग ते सर्वांत पातळ, आणि निवड संपली.

वस्तुतः कडेची जाडी आणखी एका गोष्टीवर फार अवलंबून असते. ज्या मध्यबिंदूतून किरण न वाकता पार होतो, तेथपासून भिंगाची सर्वांत दूरची कड किती अंतरावर आहे, ती ही गोष्ट. हे अंतर दुप्पट झाले की जाडीतील वाढ स्थूलमानाने चौपट होते.

फ्रेमच्या काडीच्या आतील बाजूस पाहावे. तेथे ५०-२०-१४० असे तीन आकडे असतात : भिंगाची रुंदी, नाकावरील पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सर्व मिलिमीटरांत. पहिल्या दोहोंची बेरीज ७०. समजा, आपल्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर ६२ मिलिमीटर आहे. मग प्रत्येक भिंगाचा मध्यबिंदू ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागेल, आणि बाहेरची कड त्यापासून २५ ऐवजी २९ मिलिमीटरांवर जाईल. उणे ८ नंबरासाठी १.५ च्या साध्या भिंगाची ती कड मध्यापेक्षा सुमारे ६.७ मिलिमीटरांनी जाड होईल, १.७४ चे महाग भिंग घेतल्यास सुमारे ४.५ मिलिमीटरांनी. आता तेच साधे भिंग ४४-२० च्या लहान फ्रेममध्ये बसवून पाहू. कड २३ मिलिमीटरांवर येते आणि वाढ ४.२ मिलिमीटरच होते! महाग भिंगाने जे साधले, ते लहान, गोलसर फ्रेमनेही साधले. याच फ्रेममध्ये १.६७ चे भिंग घातले तर वाढ ३.२ वर येते, आणि १.७४ चे घातले तर २.९ वर. शेवटच्या पायरीची कमाई ०.३ मिलिमीटर. तिच्यासाठी किती दाम मोजावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

पातळपणाची किंमत केवळ पैशांतच मोजावी लागते असेही नाही. असे पदार्थ बहुधा प्रकाशातील रंग अधिक फाकवतात. भिंगाच्या कडेतून उजळ खिडकीकडे पाहिले असता तिच्या चौकटीस निळसर वा पिवळसर किनार दिसते, ती यामुळे. शिवाय १.५ च्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तर १.७४ च्या भिंगावरून सुमारे ७ टक्के. म्हणून अशा भिंगास परावर्तन रोखणारा लेप आवश्यकच समजावा.

आता सर्वांत नाजूक माप : दोन बाहुल्यांमधील अंतर. मध्यबिंदू २ मिलिमीटर चुकला, तर १ नंबराच्या भिंगातून एका मीटरवरील वस्तू २ मिलिमीटरच सरकलेली भासते. ८ नंबराच्या भिंगातून ती १.६ सेंटिमीटर सरकते. ही तफावत डोळ्यांचे स्नायू दिवसभर भरून काढत राहतात, आणि संध्याकाळी डोके दुखते. तेव्हा हे अंतर अंदाजाने भरू नये. डोळे तपासताना प्रत्येक डोळ्याचे माप वेगळे घेऊन ते चिठ्ठीवर लिहून मागावे. चष्मा नाकावरून ४ मिलिमीटर घसरला तरी उणे ८ चे भिंग पाव नंबराने कमी पडते. म्हणून फ्रेम नाकावर घट्ट बसणारी हवी. मागणी नोंदवताना उणे चिन्ह, तिरप्या नंबराचा अक्ष आणि उजवा-डावा डोळा हे दोनदा पडताळावे. चष्मा आल्यावर जवळच्या दुकानात यंत्रावर त्याचा नंबर व मध्यबिंदू तपासून घ्यावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत मिळत नाही. भिंग कितीही पातळ घेतले, तरी त्यामागचा डोळा लांबलेलाच राहतो. त्यातील दृष्टिपटल ताणलेले असते, आणि ते फाटण्याचा वा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. डोळ्यांसमोर एकाएकी विजेसारखे चमकू लागले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडू लागला किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर नवा चष्मा मागवण्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आणि असे काही झाले नाही, तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी तज्ज्ञ सांगतील त्या अंतराने करवून घ्यावी. चष्मा टपालाने येऊ शकतो. ही तपासणी मात्र स्वतः जाऊनच करावी लागते.