वॉर्डात वाढलेली प्रणाली

१९९२ च्या सुमारास स्यू किनिक भाड्याची मोटार परत करायला गेल्या होत्या. तिथल्या कर्मचाऱ्याने हातातले छोटे यंत्र गाडीवरच्या बारकोडवर धरले आणि क्षणात नोंद पुरी केली. किनिक अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, टोपिका इथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात नर्स होत्या. गाडीची नोंद इतकी बिनचूक होते, मग रुग्णाच्या गोळ्यांची का होऊ नये, हा प्रश्न घेऊनच त्या परतल्या.

त्यातून टोपिकात जी पद्धत उभी राहिली तिचे काम असे चालते. नर्स औषधांची ट्रॉली घेऊन खाटेपाशी येते. आधी रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड वाचते, मग औषधाच्या पाकिटावरचा. औषध, मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच आहे ना, हे संगणक ताडून पाहतो. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची गोळी चुकून हाती आली असेल, तर ती त्याच्या तोंडात जाण्याआधीच पडद्यावर इशारा उमटतो.

नर्सला सुचलेली गोष्ट थेट रुग्णालयांच्या संगणक प्रणालीत उतरली, कारण ती प्रणालीच वॉर्डात वाढली होती.

तिची मुळे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सापडतात. डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत १९६६-६७ मध्ये नील पापालार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास रुग्णालयांच्या कामासाठी ‘मम्प्स’ ही संगणकभाषा घडवली. पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयांत नेमलेल्या तरुण प्रोग्रामरनी तीच हाती घेतली. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज टिमसन यांनी ‘फाइलमॅन’ लिहिले. केसपेपरवर नवा रकाना हवा असला, की त्यासाठी नवा प्रोग्राम लिहीत बसण्याची गरज त्यामुळे उरली नाही. कॅलिफोर्नियातच लोमा लिंडा इथे टॉम मनेकी काम करत होते. डॉक्टर सकाळी अडचण सांगणार, प्रोग्रामर त्यांच्याच इमारतीत बसून ती सोडवणार, अशी ही कार्यपद्धती होती.

माजी सैनिक खात्याच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयातल्या संगणक विभागाला मात्र ती मुळीच मान्य नव्हती. त्यांना सगळे काम केंद्राच्या ताब्यात हवे होते. काही प्रोग्रामरच्या नोकऱ्या गेल्या, तरी उरलेल्यांनी डॉक्टरांच्या पाठिंब्यावर गुपचूप काम चालू ठेवले. डॉ. डोनाल्ड कस्टिस तेव्हा या खात्याचे मुख्य वैद्यकीय संचालक होते. १९८१ मध्ये त्यांनी हे काम पाहिले आणि त्याला ‘अंडरग्राउंड रेलरोड’ची उपमा दिली. गुलामांना गुप्तपणे पळून जायला मदत करणाऱ्या जाळ्याचे हे नाव. मनेकींनी त्या नावाची सभासदपत्रे छापून सोबत्यांना वाटली. १९८२ च्या फेब्रुवारीत खात्याच्या प्रमुखांनी आदेश काढला आणि लपूनछपून चाललेले काम अधिकृत झाले. पुढे ‘व्हिस्टा’ म्हणून जगाला ठाऊक झाली ती हीच प्रणाली.

मनेकी नंतर एसएआयसी या कंपनीत गेले. १९८८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांसाठी संगणक प्रणाली उभारण्याचे सुमारे एक अब्ज डॉलरचे कंत्राट या कंपनीला मिळाले. त्या प्रणालीचा पायाही व्हिस्टाच्याच घराण्यातला होता. सरकारी खर्चाने तयार झालेली व्हिस्टा सर्वांना खुली असल्याने जॉर्डननेही २००९ पासून ‘हकीम’ या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी तीच निवडली.

प्रोग्रामरांच्या या कष्टांचे मोल २००५ मध्ये कत्रिना वादळाने दाखवून दिले. न्यू ऑर्लीन्स पाण्याखाली गेले, कागदी केसपेपर भिजून नष्ट झाले. माजी सैनिकांच्या नोंदींच्या टेप मात्र ह्यूस्टनला हलवण्यात आल्या. गाव सोडून विखुरलेल्या रुग्णांची औषधे आणि जुने आजार दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावर दिसू लागले.

तरीही २०१८ मध्ये व्हिस्टाच्या जागी बाजारातली तयार प्रणाली आणण्याचे ठरले आणि २०२० च्या ऑक्टोबरात स्पोकेन शहरापासून बदलाला सुरुवात झाली. रुग्णांच्या सुरक्षिततेचे प्रश्न उभे राहिल्याने एप्रिल २०२३ मध्ये पुढच्या रुग्णालयांचे काम थांबवावे लागले. तोवर जेमतेम पाच ठिकाणी बदल झाला होता. बाकीच्या दीडशेहून अधिक रुग्णालयांत दुसऱ्या दिवशी सकाळीही नर्सने व्हिस्टा उघडली, मनगटावरची पट्टी वाचली आणि मगच गोळी रुग्णाच्या हातावर ठेवली.