सही कुणाची?

कुमारांसाठीच्या विज्ञानकथा म्हटलं की अंतराळयान आणि यंत्रमानव यांच्यापुढे आपली गाडी फारशी जात नाही. मेरी पिअरसन या अमेरिकी लेखिकेच्या ‘द अ‍ॅडोरेशन ऑफ जेना फॉक्स’ (२००८) या कादंबरीत यानही नाही आणि परग्रहही नाही. आहे ते कॅलिफोर्नियातलं एक घर, जीव पाखडणारे आईवडील आणि वर्षभराहून अधिक काळाने शुद्धीवर आलेली सतरा वर्षांची मुलगी.

जेनाला आपण कोण हेच आठवत नाही. आईवडील तिला तिच्या लहानपणाच्या चित्रफिती दाखवत राहतात. थोरोचं ‘वॉल्डन’ मात्र तिला शब्दन् शब्द पाठ! आजी तुटकपणे वागते, ते का हे कळत नाही. मग हाताला खोल जखम होते आणि आत दिसतं निळं जेल. मोटार अपघातात जेनाचा जेमतेम दहा टक्के मेंदू वाचला होता. बाकीची जेना वडिलांच्या कंपनीने शोधलेल्या ‘बायोजेल’वर उभी आहे.

कथेतल्या अमेरिकेत हे बेकायदा आहे. विज्ञान-नीतीचं सरकारी मंडळ प्रत्येकाला आयुष्यभरासाठी १०० गुण देतं. कृत्रिम अवयव बसवला की गुण वजा होतात. रेशनकार्डासारखा कोटा संपला की संपला. आपण लगेच मंडळाच्या विरोधात जातो, आणि तेवढ्यात जेनाची मैत्रीण अ‍ॅलिस भेटते. प्रतिजैविकं वाटेल तशी वापरल्यामुळे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग होऊन तिने हातपाय गमावलेत. तरी ती मंडळाच्या बाजूची: हा लगाम आधी असता तर माझे हातपाय राहिले असते! हा युक्तिवाद खोडून काढणं अवघड आहे, आणि लेखिकाही त्या फंदात पडत नाही. कादंबरीतली सगळ्यात दमदार जागा हीच.

जेना माणूस आहे की नाही, या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. मला तो दुय्यम वाटतो. चार पानं तिच्या सहवासात काढली की उत्तर मिळतं. खरा प्रश्न आहे, तिला विचारलं कुणी? शरीर तयार होईपर्यंत तिचं मन एका पेटीत साठवलं होतं, आणि त्या काळोखात ती जागी होती. अपघातात गेलेल्या दोन मित्रमैत्रिणींची मनंही वडिलांनी अशीच ठेवली आहेत. जेना त्या पेट्या तळ्यात फेकून देते. तो काळोख तिने भोगलेला असतो, वडिलांनी नव्हे.

आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन, हयात अल्पवयीन मुलाचा अवयव काढण्यावर कडक निर्बंध आले. म्हणजे देणाऱ्या मुलासाठी कायदा आडवा उभा राहतो. घेणाऱ्या मुलासाठी आईवडिलांची सही पुरते. जेनाचे वडील खलनायक नाहीत. त्यांच्या जागी आपण असतो तर सही केलीच असती, म्हणून तर पुस्तक टोचतं.

शेवट मात्र घाईत उरकला आहे. ज्या उपायाला अ‍ॅलिसचा ठाम विरोध, तोच तिच्यावर होतो आणि लेखिका तिथे पुरेशी थांबत नाही. पुढचे दोन भाग (२०११ आणि २०१३) नाही वाचले तरी चालेल. हा पहिला मात्र घरातल्या नववी-दहावीच्या मुलांना जरूर द्या. त्याआधी स्वतः वाचा.