डहाणूवरून जाणारी हवाई रेघ

डहाणू-तलासरीत विमानतळ नाही. पण नकाशावर मुंबई आणि सुरत विमानतळांमध्ये पट्टी ठेवून पाहिलीत, तर रेघ डहाणूच्या चिकूवाड्यांवरूनच जाते. तेव्हा हवाई अंतराचा हिशेब इथूनच शिकू.

घरातली शाळेची नकाशावही काढा. मुंबई विमानतळ 19 अंश 5 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, सुरतचा 21 अंश 7 मिनिटांवर. ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, अंशाचा साठावा भाग. फरक आला 2 अंश 2 मिनिटं, म्हणजे 122 मिनिटं.

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक नॉटिकल मैल. वैमानिक आणि खलाशी वापरतात तो मैल, 1.852 किलोमीटरचा. गुणाकार केला की 226 किलोमीटर. दोन्ही विमानतळ साधारण एकाच रेखांशावर आहेत म्हणून इतकं सोपं. नागपूरसाठी पूर्वेकडचं अंतरही धरावं लागेल.

डहाणूचा अक्षांश 19 अंश 58 मिनिटं. म्हणजे मुंबई विमानतळ इथून सरळ रेषेत 98 किलोमीटर. इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपल्या डोक्यात रेल्वेचे 124 किलोमीटर असतात. ते चर्चगेटपासूनचे, आणि रुळांवरचे.

आता वेळ. एटीआर हे पंख्याचं छोटं विमान ताशी साधारण 500 किलोमीटर वेगाने जातं. त्या हिशेबाने 226 किलोमीटरला 27 मिनिटं. मग एवढ्या अंतराच्या तिकिटावर तासाभराचा आकडा का दिसतो? तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, रांगेत थांबणं आलं, चढउतार आला. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. सुरतेला जाणारं विमानही बहुतेकदा आधी समुद्राकडे झेपावतं आणि मग उत्तरेला वळतं. पावसाळ्यात उतरताना घिरट्या घालाव्या लागल्या तर त्या वेगळ्या.

पण विमान चुकतं ते या हिशेबाने नव्हे, महामार्गावर. तलासरीहून निघून चारोटी, मनोर झपाट्याने मागे टाकलं, आणि घोडबंदरच्या अलीकडे तासभर ट्रकच्या मागे बसलो, हे माझ्या बाबतीत दोनदा घडलंय. देशांतर्गत विमानांचं चेक-इन, म्हणजे हजेरी आणि सामान देणं, बहुतेक कंपन्या सुटण्याच्या 60 मिनिटं आधी बंद करतात. म्हणून उलटं मोजावं. विमान दहाचं, तर नऊला खिडकी बंद. आठला दारात पोचायचं, तर तलासरी पहाटे साडेचारला सोडलेली बरी. डहाणूकरांनी सरळ अंधेरीपर्यंत गाडी पकडावी.

आणि तिकिटावरचा विमानतळ नीट वाचा. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून एनएमआयचं घेतलंत, तर अंधेरीच्याही पुढे खाडीपलीकडे जायचंय, हे धरूनच निघा.