मोबाइल स्टार्टरच्या डब्यात

जुन्नरकडच्या उसाच्या रानात रात्री मोटर चालू करायला जाणे काय असते, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. कृषिपंपांची वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन विहीर गाठायची. उसात बिबट्या, बांधावर साप, आणि विहिरीवर पोचावे तर लाइट गेलेली. ही पायपीट ज्या डब्याने वाचवली तो म्हणजे मोबाइल स्टार्टर. पंपाच्या स्टार्टरशेजारी टांगलेला, जेवणाच्या डब्याएवढा. घरून फोन लावला की मोटर चालू होते, पुन्हा लावला की बंद. फेज उडाला किंवा विहिरीतले पाणी संपले, तर चांगला डबा मोटर स्वतः थांबवतो आणि मालकाला कळवतो.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले आणि या कल्पनेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले. त्या काळात अनेक जण साध्या हँडसेटलाच तारा जोडून काम भागवत. फोन आपोआप उचलला जाई, शेतकरी आकडा दाबे, आणि त्या आकड्याचा सूर ८८७० नावाची चिप ओळखे. पुढे जीएसएम मॉड्यूल स्वस्त झाले. पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे, त्यात सिम घातले की झाले. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर टाकली की मॉड्यूल, रिले, ट्रान्सफॉर्मर सगळे एका पिशवीत मिळते. त्यामुळे हे यंत्र बनवणे सोपे आहे असा समज पसरला. टेबलावर चालणारा डबा बनवणे सोपे आहेच. बांधावर तीन पावसाळे टिकणारा डबा बनवणे ही वेगळी विद्या आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले जाते.

माझ्या पहिल्या बोर्डाची गोष्ट सांगतो. पुण्यात टेबलावर तो आठवडाभर अखंड चालला. जुन्नर तालुक्यातल्या एका विहिरीवर बसवला आणि पहिल्याच संध्याकाळी विहिरीच्या मालकांचा, आबांचा, फोन आला. “साहेब, रिंग वाजती अन् मधीच बंद पडती. डबा परत पहिल्यापासनं सुरू व्हतोय.” मी दोन रात्री प्रोग्रॅम तपासला. त्यात चूक नव्हतीच. विहिरीवर जाऊन मीटर लावला, तर मॉड्यूलच्या पायांवर ३.९ व्होल्ट. मिळायला हवेत ४, म्हणजे तक्रारीला जागा नाही. शेवटी ऑसिलोस्कोप घेऊन गेलो, तेव्हा पडद्यावर खरा प्रकार दिसला.

जीएसएम फोन सलग बोलत नाही. दर ४.६ मिलिसेकंदांच्या फेऱ्यात आठ पाळ्या असतात आणि त्यातली एकच पाळी, जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांची, आपल्या वाट्याला येते. तेवढ्या वेळात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. बाकीच्या सात पाळ्यांत जवळजवळ काहीच नाही. माझ्या बोर्डावर पुरवठ्याची तांब्याची वाट १० सेंटिमीटर लांब आणि पाव मिलिमीटर रुंद होती. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात अशा वाटेचा रोध साधारण ०.२ ओहम होतो. २ अँपिअर गेले की जाताना ०.४ व्होल्ट खर्ची, आणि ग्राउंडची परतीची वाटही तेवढीच बारीक, म्हणून येताना आणखी ०.४. राहिले ३.२. त्याखाली गेले की ते मॉड्यूल आपणहून बंद होते. मीटर सरासरी दाखवतो. आठातल्या एकाच पाळीत पडणारा खड्डा सरासरीत ०.१ व्होल्ट एवढाच उरतो, म्हणून तो मला ३.९ दाखवत होता.

मग पुण्यात का चालला? टॉवर जवळ असला की नेटवर्क फोनला आवाज कमी करायला सांगते. टॉवर लांब असला की मॉड्यूल ९०० मेगाहर्ट्झवर पुरी २ वॅट ताकद लावते. आबांच्या विहिरीवरून टॉवर दिसतही नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. दोष बोर्डात पहिल्या दिवसापासून होता, तो बाहेर यायला फक्त अंतर हवे होते.

कपॅसिटर मी लावला होता, १००० मायक्रोफॅरडचा, पण रेग्युलेटरजवळ. कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत असते त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. धरण भरलेले आहे, पण वितरिका अरुंद आहे, मग टेलला पाणी पोचणार कसे? शेततळे टेललाच हवे. दुसऱ्या बोर्डात तोच कपॅसिटर मॉड्यूलच्या पायाशी आणला, शेजारी कमी अंतर्गत रोधाचा टँटॅलम दिला, वाट ३ मिलिमीटर रुंद केली आणि खालची बाजू पूर्ण ग्राउंडला दिली. भागांचा खर्च फारसा वाढला नाही. आबांचा डबा पुन्हा मध्येच बंद पडला नाही.

एक तक्रार मात्र राहिली होती. मोटर बंद करताना कधीकधी मायक्रोकंट्रोलर भांबावून जाई. तिथे दोषी होती स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल. तिचा प्रवाह रिले तोडतो तेव्हा कॉइल तो सहजी सोडत नाही. रिलेच्या संपर्कात ठिणगी उडते आणि तिचा गोंगाट तारांतून बोर्डात शिरतो. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी कॉइलवर समांतर बसवली, ४१५ व्होल्टच्या तारा बोर्डाच्या एका कडेला ठेवल्या, आणि तो त्रासही गेला. पाली आणि मुंग्या आत शिरू नयेत म्हणून तारांची ग्लँड खालच्या बाजूला घ्यायची, भोक एकही उघडे ठेवायचे नाही आणि बोर्डावर लॅकर मारायचे.

डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, प्रश्न मात्र सर्किटपुरता नाही. लाइट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या ‘ऑटो’ला महावितरणचा विरोध आहे आणि तो रास्त आहे. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या, तर सुरुवातीच्या करंटचा एकत्रित भार डीपीवर येतो. डीपी जळली की नुकसान सगळ्या शिवाराचे होते, ऐन पिकात पाणी तुटते. म्हणून मोबाइल स्टार्टरमध्ये ऑटो द्यायचाच असेल तर लाइट आल्यावर मोटर सुरू करण्याआधी प्रत्येक डब्याची थांबण्याची वेळ वेगळी हवी. मी ती लॉटरीसारखी यादृच्छिक ठेवतो, म्हणजे शेजारचे दोन डबे सहसा एकदम उठत नाहीत.

जिओने २०१६ साली सेवा सुरू केली तीच ४जीवर. त्या सिमवर जुने मॉड्यूल चालत नाही, म्हणून नवे डबे आता ४जीचे बनू लागले आहेत. करंटचे गणित त्यांच्यासाठी पुन्हा मांडावे लागते. हे काम हाती घेणाऱ्या मुलामुलींना एवढीच विनंती, की बोर्ड काढताना मॉड्यूलच्या पायाशी कपॅसिटरची जागा आधी राखा. आणि पहिला नमुना टॉवरपासून लांबच्या विहिरीवर, खरा कॉन्टॅक्टर जोडून, शंभर वेळा चालू-बंद केल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.