हिरवा, पण कोणता हिरवा?

चरोद्याहून बोलतोय. आजोबांच्या वहीत व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं एक तिकीट आहे. निळसर हिरवं दिसलं, म्हणून मी त्याखाली '१८८० चं दशक' असं लिहून टाकलं. चुकलो.

कारण ऐका. त्या दशकातलं अर्ध्या आण्याचं तिकीट निळसर हिरवंच होतं. पण जागतिक टपाल संघाच्या रंगव्यवस्थेशी जुळवून घेताना १९०० मध्ये भारताने रंग बदलले. अर्धा आणा पिवळसर हिरवा झाला, एक आणा जांभळट तपकिरीचा लाल झाला, दोन आणे निळ्याचे फिकट जांभळे झाले. राणीचं चित्र तेच राहिलं. म्हणजे काळ सांगतो तो रंगच.

आता खरी गोम. हिरव्या शाईतला पिवळा अंश उन्हाने उडाला, की निळसरपणा उरतो आणि नवं तिकीट जुनं भासतं. माझ्या तिकिटाचा एक कोपरा शेजारच्या तिकिटाखाली दबलेला होता. तो उघडला, तर चक्क पिवळसर हिरवा!

म्हणून दिवसाच्या उजेडात पाहा, थेट उन्हात नको. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका. शेजारी शिक्क्यावरची तारीख वाचता येणारी तिकिटं ठेवा. १९०० पूर्वीचा शिक्का असेल तर रंग जुनाच. नंतरचा शिक्का मात्र पुरावा नव्हे, कारण जुनं तिकीट उशिराही वापरलं जातं.

वहीतली नोंद मी खोडली. आता तिथे पेन्सिलीनेच लिहितो.