रातांब्याचें बी टाकूं नये

वैशाखांत ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील अनेक घरांत कोंकणांतून रातांबे येतात. साली साखरेंत मुरून सरबत होतें. बिया मात्र बहुधा केरांत जातात. ही नासाडी आम्हांस खटकते.

संस्कृतांत ज्यास वृक्षाम्ल म्हणतात, त्या या फळाच्या बियांत सुमारें २५ टक्के स्निग्धांश असतो. बिया धुऊन कडकडीत वाळवाव्या, फोडून आंतील मगज कुटावा व पाण्यांत उकळावा. तेल वर येतें आणि निवतांच थिजतें. त्याचे मुठीनें वळलेले गोळे म्हणजेच मुठेल. भेगाळलेल्या टाचांवर व उललेल्या ओठांवर कोंकणांतील आज्या तेंच लावीत आल्या. एरवीं घट्ट राहणारें हें तेल ३८ ते ४० अंश सेल्सियसला, म्हणजे देहाच्या उष्णतेलगत, वितळतें. यास्तव मलमें व औषधी वर्ती घडविण्यास तें उपयोगी पडतें.

डबीवर ‘कोकम बटर’ असें वाचून तीच वस्तु आपण दाम मोजून घेतों! ज्या कुटुंबांत उन्हाळ्यांत शेंदोनशें रातांबे फुटतात, तेथील गृहिणींनीं यंदा बिया राखून पाहाव्या. मात्र हें केवळ स्नेहन होय. भेग चिघळल्यास डॉक्टरांसच दाखवावें.