दहा लाखांची रेघ : तरुणाची ‘हॉट हॅचबॅक’ आणि घराचा हिशोब

मालाडच्या व्यापारी घरांत मोटारीचा विषय बहुधा दिवाळीच्या आधी निघतो, आणि अलीकडे तो काढतो दुकानावर नुकताच बसू लागलेला मुलगा. वडिलांच्या मनात उंच, ऐसपैस, आजी-आजोबांना देरासरात आणि साऱ्या कुटुंबाला शहापूरच्या मानस मंदिरात नेणारी गाडी असते. मुलाच्या मोबाइलवर असते ती लांबीने आखूड, अंगावर पट्टे ओढलेली आणि सुरू होताच घुमणारी. तिला ‘हॉट हॅचबॅक’ म्हणतात. वडील तिला पैशांचा धूर म्हणतात. मुलगा म्हणतो, किंमत तर सारखीच आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, मात्र किंमत सारखी आहे की नाही हे शोरूमच्या पाटीवरून ठरत नाही.

या प्रकाराचा मूळ आदर्श म्हणजे फोक्सवॅगनची १९७६ मध्ये बाजारात आलेली गोल्फ जीटीआय. मागे उघडणाऱ्या दाराची साधी कौटुंबिक गाडी, तिच्यात ११० अश्वशक्तीचे इंजिन आणि घट्ट केलेले सस्पेन्शन, एवढीच तिची कल्पना. आज भारतात चार मीटरच्या आतील गाडी टर्बोचार्जरच्या बळावर १२० अश्वशक्ती देते. म्हणजे त्या काळची युरोपातील हौस आता एस. व्ही. रोडच्या कोंडीत उभी असते.

मुंबईच्या उपनगरांना ही हौस नवी नाही. २००१ मध्ये फियातने कुर्ल्याच्या कारखान्यातून पॅलिओ बाजारात आणली. तिची १.६ लिटरची आवृत्ती तेव्हाच्या तरुणांची स्वप्नगाडी होती आणि सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातीत होता. पुढे २०१३ मध्ये चाकणची पोलो जीटी टीएसआय आली. २०१५ मध्ये रांजणगावची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत शोरूम किमतीत १४५ अश्वशक्ती घेऊन आली. २०१७ मध्ये मारुतीने बलेनो आरएस आणली. या सर्व गाड्या चालवणाऱ्यांनी त्यांचे कौतुक केले आणि या सर्व बंद झाल्या. फियातने तर पुढे भारतातील मोटारविक्रीच थांबवली. गाडी बंद झाल्यावर तिचे सुटे भाग, तिचा जाणकार मेकॅनिक आणि तिचा गिऱ्हाईक हे तिन्ही हळूहळू विरळ होतात. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ज्या मालाची मागणी मूठभरांची, त्याचा साठा कसा उरतो हे त्याने आपल्या गोदामात पाहिलेले असते. दुसऱ्या टोकाला मे २०२५ मध्ये आयात होऊन आलेली गोल्फ जीटीआय आहे: २६५ अश्वशक्ती आणि ५३ लाख रुपये शोरूम किंमत. त्या किमतीची तुलना गाड्यांशी करण्यापेक्षा दुकानाच्या गाळ्याच्या पागडीशी करावी.

मध्यमवर्गीय व्यापारी घराच्या आवाक्यात येणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत दोन नावे ठळक. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ मध्ये आली. तिचे इंजिन ९९८ सीसीचे, शक्ती १२० अश्वशक्ती आणि टॉर्क १७२ न्यूटन-मीटर. टाटाची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये आली. ११९९ सीसी, १२० अश्वशक्ती, १७० न्यूटन-मीटर. शर्यतीच्या भाषेत ही बरोबरी झाली. फरक आहे तो इतरत्र. रेसर केवळ हाताने बदलण्याच्या सहा गिअरसह आली, तर एन लाइनमध्ये तशीच व्यवस्था किंवा सात गिअरची स्वयंचलित दुहेरी क्लच व्यवस्था मिळते. दुपारी सोमवार बाजारातून निघून लिंक रोडला लागेपर्यंत डाव्या पायाला क्लच किती वेळा दाबावा लागतो याचा अनुभव असलेला माणूस स्वयंचलित गाडी मागेल. पण इंच-इंच सरकणाऱ्या वाहतुकीत हीच दुहेरी क्लच व्यवस्था तापते आणि वॉरंटी संपल्यावर तिची दुरुस्ती महाग पडते. म्हणून या गाडीसाठी वाढीव वॉरंटीचा खर्च किमतीतच धरलेला बरा.

एन लाइनच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हा वेगवान गाडीचा मोठा गुण. रेसरकडे ३४५ लिटरची डिकी आहे, एन लाइनकडे ३११ लिटरची. कापडाच्या नमुन्यांची बॅग ठेवणाऱ्याला हा फरक जाणवतो. अल्ट्रोझची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात; गुडघे दुखणाऱ्या आजींच्या दृष्टीने हे वैशिष्ट्य टर्बोचार्जरहून मोलाचे. सुरक्षिततेच्या बाबतीत ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले. आय-२० ला २०२२ मध्ये तीन मिळाले, मात्र ती तपासलेली गाडी दोन एअरबॅगची होती आणि पुढे सहा एअरबॅग आल्या. हातात वेगवान गाडी देताना घरातील वडीलधाऱ्यांनी सनरूफच्या आधी हा तक्ता पाहायला हवा.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. या दोन्ही गाड्या त्याच वर्गातील. पूर्वी १०,९९,००० रुपयांना असलेली अशी गाडी, करकपात पूर्णपणे उतरली तर, सुमारे १०,०५,००० रुपयांना पडते. आणि इथेच दहा लाखांची रेघ आडवी येते. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीस दहा लाखांपर्यंत ११ टक्के रस्ता कर आहे, त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के. ९,९५,००० च्या गाडीस कर १,०९,४५०. १०,०५,००० च्या गाडीस १,२०,६००. दहा हजारांनी महाग दिसणारी गाडी प्रत्यक्षात २१,१५० रुपयांनी महाग झाली. शिवाय दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस गोळा करतो, म्हणजे आणखी १०,०५० रुपये. ही रक्कम विवरणपत्रात आपल्या आयकरात वळती होते, परंतु तोवर ती अडकून राहते. विक्रेता ज्या वरच्या आवृत्तीची शिफारस करतो ती रेघेच्या कोणत्या बाजूला आहे, हे कोटेशनवर पहिल्या नजरेत दिसत नाही.

‘पेढीच्या नावावर घेऊ, जीएसटी वळता होईल’ हे वाक्य व्यापारी घरांत हमखास ऐकू येते. ते चूक आहे. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरील जीएसटीचा परतावा सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. तो गाड्यांचा व्यापार करणारे, प्रवासी वाहतूक करणारे किंवा मोटार प्रशिक्षण देणारे यांच्यासारख्यांसाठीच आहे. मिळतो तो १५ टक्के घसारा, आणि तोही गाडी त्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली तर निम्मा. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला. दसऱ्याला वापरात आलेल्या गाडीस त्या वर्षी पूर्ण घसारा मिळणार होता, धनत्रयोदशीच्या गाडीस साडेसात टक्के. उरलेला घसारा पुढील वर्षांत मिळतच राहतो, बुडत नाही. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास मात्र रस्ता कर २० टक्क्यांपर्यंत जातो: दहा लाखांच्या गाडीस १,१०,००० ऐवजी २,००,०००. मुलाने मित्रांसोबत लोणावळ्याला नेलेल्या गाडीचा खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवता येत नाही, हेही मुनीमजी एव्हाना सांगून चुकलेले असतात.

कर्जाचा व्यवहार त्याहून नाजूक. आठ लाख रुपये ९ टक्के घटत्या शिलकीच्या व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता १६,६०७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १,९६,४०० रुपये. तेच सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता १२,८७१ वर येतो, तरुणाला हायसे वाटते, आणि व्याज सुमारे २,८१,२०० होते. त्यात कोणी ‘फक्त ५ टक्के फ्लॅट’ असे सांगितले, तर पाच वर्षांचे व्याज बरोबर दोन लाख. म्हणजे ते ५ टक्के या ९ टक्क्यांहून महाग. ज्या घरात रोज खरेदीचे दर घासून पाहिले जातात त्या घरातही हा फरक वर्षानुवर्षे नजरेतून सुटतो, कारण हप्ता दिसतो आणि मुद्दल मागे राहते.

विम्यात एक गंमत आहे. तृतीय पक्ष विम्याचा दर शक्तीवर नव्हे, इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार नव्या गाडीचा सक्तीचा तीन वर्षांचा हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये. शक्ती सारखीच असताना ९९८ सीसीची एन लाइन पहिल्या वर्गात बसते, ११९९ सीसीची रेसर दुसऱ्या. पण मालाडकरांसाठी विम्याचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. जुलै २०१९ च्या मुसळधार पावसात मालाडच्या सबवेमध्ये मोटारीत अडकून दोन माणसांचा जीव गेला, हे परिसरातील कोणी विसरलेले नाही. या गाड्यांचा पोटाखालील उंचावा साधारण १६५ ते १७० मिलिमीटर, म्हणजे एका वितीहून कमीच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन फुटले, तर साधा विमा भरपाई नाकारू शकतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. शोरूममधील विम्याच्या कोटेशनमध्ये अनेकदा चाव्या हरवण्याची जोड असते, पण इंजिन संरक्षण नसते.

पेट्रोलचा आकडा शेवटी येतो, पण दर महिन्याला येतो. वर्षाला दहा हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, आणि साधी गाडी लिटरला १६ किलोमीटर तर जोमाने हाकलेली टर्बो गाडी १२ किलोमीटर देते असे मानले, तर फरक वर्षाला सुमारे २१,७०० रुपयांचा. साध्या आय-२० ची शक्ती ८३ आणि साध्या अल्ट्रोझची ८८ अश्वशक्ती. कांदिवली ते अंधेरी या पट्ट्यात वरची तीस-पस्तीस अश्वशक्ती क्वचितच जागी होते. ती जागी होते द्रुतगती महामार्गावर, आणि तिथेही मुंबई-पुणे मार्गाच्या सपाट भागात मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे.

जैन घरासाठी एक प्रश्न कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात नसतो. या गाड्यांच्या आसनांवर ‘लेदरेट’ म्हणजे कृत्रिम आवरण असते, परंतु स्टिअरिंगचे वेष्टण आणि गिअरची मूठ यांवर पुष्कळदा खरे चामडे असू शकते, आणि गाडीला ‘स्पोर्ट’ स्वरूप देण्याचा तोच पहिला उपाय असतो. विक्रेता तोंडी ‘सगळे आर्टिफिशियल आहे’ असे सांगतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक विभागाकडून त्या विशिष्ट आवृत्तीबाबत हे लेखी मागवता येते; नकार आल्यास खालची आवृत्ती पाहता येते, तिचे स्टिअरिंग बहुधा साधे असते. कित्येकदा तीच आवृत्ती दहा लाखांच्या रेघेच्या आत असते.